भूगोलाच्या बाईंचा सूर्योदय

मी तेहेतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते मराठीच्या बाईंच्या हातून घडलं असतं तर लोक हसून विसरले असते. मला ती सवलत नाही.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. त्याआधी हार्मोनियम घेतली होती, ती माळ्यावर गेली. गच्चीत भाजी लावली होती, त्या कुंड्यांत आता कबुतरं अंडी घालत होती. त्यामुळे कॅमेऱ्याचं खोकं घरात आलं तेव्हा आमच्या मिस्टरांनी ते चारही बाजूंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "माळ्यावर जागा आहे." मिस्टर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होते. जन्मभर व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेल्यामुळे असेल, शब्दही ते बेताबेतानेच सोडतात.

मी फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी तो भरायचा. खालून ट्रकांचे हॉर्न, वर आम्ही बाराजण. त्यात दातांचे एक डॉक्टर, दोन इंजिनिअर, एक वकीलबाई. शिकवणारे सर माझ्या मुलापेक्षा लहान. एका रविवारी त्यांनी विषय दिला, 'पहाट'. प्रत्येकाने आपण कशाचा फोटो काढणार ते सांगायचं. कुणी गोदाघाट म्हणालं, कुणी निफाडकडच्या द्राक्षबागांवरचं धुकं म्हणालं, कुणी पुन्हा गोदाघाटच म्हणालं. माझी पाळी येईपर्यंत नाशिक जिल्ह्यात पहाट शिल्लक उरली नव्हती.

"मी समुद्रावरचा सूर्योदय आणणार," मी म्हणाले. "लाटांच्या मागून वर येणारा सूर्य."

सर म्हणाले, "वा, बाई. लाट उभी राहिली की तिच्या कडेतून उजेड आरपार येईल. काय फ्रेम होईल ती." डॉक्टरांनी मान डोलावली. वकीलबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे आपल्याला का सुचलं नाही. बारा शिकलीसवरलेली माणसं आणि एक सर, कुणालाही काही खटकलं नाही. आम्ही नाशिकची माणसं. आम्हाला पाणी म्हणजे नदी नाहीतर धरण. समुद्र म्हणजे सहल, आणि सहलीला जाऊन दिशा कोण पाहतं?

घरी आल्यावर मिस्टरांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता त्यांनी विचारलं, "समुद्रावर उगवतो की मावळतो?"

"अहो, तो रोज दोन्ही करतो," मी म्हणाले. "तुम्हाला भूगोल कळत नाही, राहू द्या."

त्यांनी राहू दिलं.

समुद्र कुठला गाठायचा हे माझ्या मनात पक्कं होतं. नोकरीची पहिली सहा वर्षं मी सुरगाणा तालुक्यात एका निवासी शाळेत काढली. तिथली एक विद्यार्थिनी लग्न होऊन गुजरातच्या किनाऱ्यावर एका लहान गावी गेली होती. आता ती तिथल्या अंगणवाडीत होती, तिचा नवरा बोटीवर जायचा, मुलं शिकायला बाहेर होती. दर शिक्षकदिनाला तिचा फोन ठरलेला. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "बाई, एकदा या ना. घर लहान हाय, पण दारात समुद्र हाय." प्रत्येक वेळी मी येते म्हणायचे आणि जायचे नाही. त्याला कारण होतं, आणि ते मी मिस्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं.

मी त्या निवासी शाळेत रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सातवीच्या वर्गाला 'सागरजल' शिकवत होते. लाट म्हणजे काय ते दाखवायला दोन मुलींना माझ्या शालीची टोकं धरायला लावली आणि हलवायला सांगितली. "पाणी पुढे जात नाही, जागच्या जागी वरखाली होतं," असं मी शालीकडे बोट दाखवून सांगत होते. तेव्हा खिडकीजवळ बसलेली ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमी समुद्र पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. नाशिक सोडून माझी धाव शिर्डीपर्यंत. पण नव्या बाईने वर्गासमोर नाही कसं म्हणायचं?

"हो तर," मी म्हणाले.

"कसा असतो?"

"मोठा असतो. निळा असतो. बस खाली."

ती बसली. मीही शाल घडी करून पुढचा धडा घेतला. पण ते खोटं मी विसरले नाही. पुढे तिशीत एकदा शाळेच्या सहलीबरोबर मी समुद्र पाहिला, तोही बसच्या खिडकीतून, पोरांची डोकी मोजता मोजता. पाहून पहिली आठवण आली ती या मुलीची. कारण तो निळा नव्हता.

आता मात्र कॅमेऱ्याने धीर दिला. फेब्रुवारीत मी तिला फोन केला. "येते," म्हटलं, "सूर्योदयाचे फोटो काढायला." "सूर्योदयाचे?" तिने विचारलं. मग म्हणाली, "या बाई. कवाही या."

मी तयारी जोरात केली. बारा खिशांचं एक जाकीट घेतलं. तिपाई घेतली. तिच्यासाठी निफाडहून द्राक्षांची पेटी आणली. आमची जुनी गाडी मिस्टरांनी चालवली. सुरगाण्यावरून घाट उतरलो, हद्द ओलांडली, आणि डोंगर मागे टाकत सपाटीला लागलो. वाटभर मी त्यांना सूर्योदयाच्या उजेडाविषयी माहिती देत होते. त्यांनी मध्ये एकदा उन्हाचा पडदा खाली ओढला. दुपार टळली होती आणि सूर्य थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होता. आम्ही समुद्राकडे चाललो होतो आणि मावळतीचा सूर्य आमच्या समोर होता. मी म्हणाले, "जपून चालवा, डोळे दिपतील."

याहून जास्त मला काही सुचलं नाही.

पोहोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. ती रस्त्यावर येऊन उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगणवाडीची साडी तशीच अंगावर. पाया पडली. मिस्टरांना 'सर' म्हणाली. ते कधीच सर नव्हते, पण खूश झालेले दिसले. घराच्या मागून वाळूत गेलो. पाणी हाकेवर होतं, आकाशाची खालची कड लाल होती.

"थोडं आधी आला असता बाई, तर बुडताना दिसला असता," ती म्हणाली. "आत्ता गेला."

"असू दे," मी म्हणाले. "मला बुडणारा नको. उगवणारा हवा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर समुद्राकडे पाहत होते. "प्रेशर चांगलं आहे," ते लाटांना उद्देशून म्हणाले. ती म्हणाली, "बरं," आणि आम्हाला जेवायला घरात घेऊन गेली.

सकाळी साडेपाचला मी जाकीट घालून तयार होते. कॅमेऱ्याचं कार्ड कुठल्या खिशात ठेवलं ते सापडेना, तेव्हा मिस्टरांनी टॉर्च धरला आणि मी बाराही खिसे उलटे केले. कार्ड कॅमेऱ्यातच होतं. ती चहाचा थर्मास घेऊन आमच्याबरोबर निघाली.

किनाऱ्यावर आलो तर समुद्र नव्हता. अंधुक उजेडात दूरवर ओल्या चिखलाची चकाकी तेवढी दिसत होती.

"पाणी कुठे गेलं?" मी विचारलं.

"ओहोटी हाय बाई. साडेचारला तर पार तिकडं होतं. आता माघारी येतंय."

भरती-ओहोटीवर मी दरवर्षी चार तासिका घ्यायचे. फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि सूर्य काढायचे, पाण्याचा फुगवटा रंगीत खडूने. ती आकृती माझी इतकी सुबक यायची की इतर तुकड्यांच्या बाई आपला वर्ग घेऊन ती दाखवायला यायच्या. पण येताना भरतीची वेळ पाहावी हे त्या आकृतीत कुठे लिहिलेलं नव्हतं. मी तशीच चिखलात पुढे निघाले. चौथ्या पावलाला उजवी चप्पल आत राहिली. ती वाकून चप्पल उपसत म्हणाली, "बाई, इथंच थांबा. ते येईल आपल्याकडं."

तर तिथेच तिपाई उभी केली, कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडे केलं आणि वाट पाहू लागले. मिस्टरांनी जरा मागे एक उलटी पडलेली होडी शोधली आणि तिच्यावर चहा घेऊन बसले. माझ्याकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून. मला राग आला. एवढ्या लांब येऊन हा माणूस नारळीची झाडं बघत बसतो.

थोड्या वेळाने समोर पाण्यावर करडा पट्टा दिसू लागला आणि त्याच्यावर गुलाबी. "आला, आला," मी म्हणाले आणि फोटो काढत सुटले. तीस तरी काढले असतील. ती गुलाबी कड मागच्या उजेडाची होती, त्याची छटा उलट्या बाजूच्या आकाशावर पडते, हे मी पुढे घरी जाऊन वाचलं. त्या वेळी मला वाटलं, आता याच्यातून वर येईल. पण गुलाबी वर वर सरकत फिकट होत गेलं आणि निळं झालं. सूर्य काही आला नाही.

"ढग असावेत आज," मी म्हणाले.

पाणी जवळ आलं होतं. पहिल्या लाटेचा फेस आमच्यापासून दहा-वीस पावलांवर पसरून मागे गेला. आणि ओल्या वाळूवर माझ्यासमोर काहीतरी उमटलं. आधी फिकट, मग गडद. तीन लांब पाय, त्यावर एक डबा, आणि त्याच्या शेजारी खिशाखिशांनी फुगलेली एक बाई. ती बाई सरळ समुद्रात जाऊन पोहोचली होती.

ती माझी सावली होती.

मी दरवर्षी मैदानात काठी रोवून सावलीचा प्रयोग करून घ्यायचे. सूर्य जिकडे, सावली त्याच्या उलट बाजूला. पाचवीच्या मुलाला हे येतं. मी मान वळवली. नारळीच्या झाडांमागून, गावाच्या कौलांवरून, आम्ही काल जे डोंगर उतरून आलो त्या अंगाने सूर्य चांगला हातभर वर आला होता. मिस्टर त्याच्यासमोर बसून चहा पीत होते.

"छान उगवला," ते म्हणाले.

मला खाली बसावंसं वाटलं, पण खाली चिखल होता. पश्चिम किनारा. दरवर्षी नकाशात मुलांकडून भरून घेतलेला पश्चिम किनारा. अरबी समुद्र हे नाव चुकीच्या बाजूला लिहिलं म्हणून मी एका मुलाचा अर्धा गुण कापला होता, आणि त्याच्या आईने तो मागितला तरी दिला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी मिस्टरांना विचारलं.

"मी विचारलं होतं. तू म्हणालीस, तुम्हाला भूगोल कळत नाही."

मग मी तिच्याकडे वळले. "आणि तू? तू तर इथेच राहतेस. सांगायचं नाही का मला?"

ती ओशाळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मला वाटलं तुमचं काही वेगळं तंत्र असंल. सूर्य मागं ठेवून काढायचं. भूगोल तर तुमीच शिकवला ना आमाला."

मला हसू आलं. मग ती हसली. मिस्टरही होडीवर हलताना दिसले, म्हणजे हसत असावेत. आणि हसता हसता, आता सगळं उघडंच पडलंय तर हेही पडू दे, असं वाटून मी बोलून गेले.

"अगं, अजून एक सांगायचंय. तू वर्गात मला विचारलं होतंस, समुद्र पाहिलाय का. मी हो म्हणाले होते. मी तेव्हा पाहिलेला नव्हता."

मला वाटलं ती चकित होईल. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"तुमी निळा म्हणाला ना." तिने समोर बोट दाखवलं. समोर मातकट, चहासारखं पाणी होतं. "मी पाहिला होता बाई. लहान असल्यापासून. भात कापून झाला की आई-बाप मिठागरावर यायचे कामाला, मला घेऊन. याच अंगाला, थोडं खाली. चार-चार महिने. मी रोज बघायची."

मला ते महिने आठवले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे लागोपाठ गैरहजेरीची टिंबं. मी तिला परत आल्यावर उभं करायचे आणि विचारायचे, कुठे होतीस इतके दिवस? ती मान खाली घालायची. मग मी म्हणायचे, बुडवलेला अभ्यास लिहून काढ. बुडवलेल्या अभ्यासात एकदा तर भरती-ओहोटीच होती.

"मग विचारलंस कशाला?"

"तुमी पाहिला असता तर मला बोलता आलं असतं ना," ती म्हणाली. "वर्गात कुणीच पाहिला नव्हता. मला वाटलं, बाईंनी पाहिला असंल तर मी पण सांगीन. पाणी किती मागं जातं, मीठ कसं बसतं खाली. तुमी म्हणाला, बस खाली. मग बसले."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हणाले, "आता सांग."

"काय?"

"पाणी किती मागे जातं. मीठ कसं बसतं."

ती आधी लाजली. मग सांगायला लागली. थर्मासमधला उरलेला चहा आम्ही तिघांनी वाटून घेतला आणि होडीच्या कडेला टेकून ऐकलं. वाफ्यात पाणी कसं घेतात, ते आटत आलं की वर साय धरल्यासारखं कसं दिसतं, पायांना भेगा पडून त्यात मीठ गेलं की रात्री झोप कशी येत नाही. बापाच्या खांद्यावर बसून ती लाटा मोजायची. मिस्टरांनी पाणी आत कसं घेतात, झडप कशी असते, असं बरंच विचारलं. इतकं बोलताना मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी तेहेतीस वर्षांत मिठागरावर अर्धं पान शिकवलं होतं, आणि त्यात पाय नव्हते.

मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "बाई, लाटा बघा."

पाणी आता जवळ आलं होतं आणि मागून येणारं कोवळं ऊन थेट लाटांच्या तोंडावर पडत होतं. वारा जमिनीकडून वाहत होता. लाट उभी राहायची, तिच्या माथ्यावरचं पाणी वाऱ्याने मागे उडायचं आणि ते तुषार उन्हात पिवळे दिसायचे. मातकट पाण्याला गुळाच्या पाकाचा रंग आला होता. हे कुठल्या कॅलेंडरवर पाहिलेलं नव्हतं. मी धावत तिपाईकडे गेले.

आता नवीनच अडचण. प्रत्येक फोटोत मी. लाट सुरेख यायची आणि तिच्यावर बारा खिशांची सावली पडलेली असायची. डावीकडे सरकले, सावली सरकली. तिपाई उचलून पाण्यात गेले, तर तिचे पाय वाळूत रुतायला लागले. शेवटी ती ओरडली, "बाई, खाली बसा. बसलं की सावली लहान होती."

मी बसले. गुडघे दुखतात म्हणून घरात देवापुढेही खुर्ची लागते, पण तिथे मी ओल्या वाळूत मांडी घातली. पुढच्या लाटेने कमरेपर्यंत भिजवलं. कॅमेरा डोक्यावर धरला, लाट गेली की डोळ्याला लावला, पुन्हा डोक्यावर. असं अर्धा तास चाललं. मिस्टर लांबून सांगत होते, "मोठी येतेय." एकदा सांगायला उशीर झाला.

फोटोंतले पंधरा-वीस बरे निघाले. रविवारी मी ते क्लासमध्ये दाखवले. सर पडद्याजवळ जाऊन पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, उजेड जबरदस्त आहे. पण सूर्य कुठाय?"

मी सांगितलं. मग फळ्यावर नकाशा काढला, डोंगर काढले, किनारा काढला, आणि स्वतःचा गाढवपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. दातांचे डॉक्टर बराच वेळ नकाशाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "हो की." वकीलबाई म्हणाल्या, त्यांना त्या दिवशीच शंका आली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या मोबाइल शोधू लागल्या.

त्यानंतर आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो. मी भरतीची वेळ तिला फोनवर विचारून घेते, कारण मी स्वतः काढली की ती चुकते. मिस्टर तिच्या नवऱ्याबरोबर जाळी दुरुस्त करायला बसतात आणि मला फोटो जमतात त्यापेक्षा त्यांना ते बरं जमतं. फोटोंची मला अजून खात्री नसते. गेल्या दिवाळीनंतर एक मोठी लाट चांगली सापडली, पण मी तिरकी उभी होते, त्यामुळे क्षितिजच कललं. मी तो फोटो पुसून टाकणार होते. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो पाहिला आणि म्हणाली, "बाई, समुद्र सांडतोय."

घरी आल्यावर मी तो संगणकावर सरळ केला आणि मोठा छापून तिला पाठवला. तिचा फोन आला. सरळ केलेला चांगला आहे, म्हणाली, पण अंगणवाडीत लावायला तिला सांडणारा हवा होता. पोरांना तोच आवडेल. मग मी तोही छापला. तो आता तिथे फळ्याच्या वर लावलाय, आणि लहान मुलं म्हणे त्याच्याखाली हात पसरून उभी राहतात.